स्वयंपूर्ण गाडी आणि कुरवंड्याचा चिखल

निवृत्तीनंतर लोक कुंड्यांत मिरच्या लावतात. मी आणीबाणीची तयारी करायला लागलो. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाच्या वर, शेवटच्या घरांच्याही पुढे, आम्ही जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता, आणि तळेगावचा फ्लॅट सोडून तिथेच कायमचं राहायला जायचं माझ्या मनाने घेतलं होतं. बायकोचा प्रश्न एकच होता. पावसापाण्यात तिथे काही झालं तर आपल्याला कोण? मी म्हणालो, कुणी लागतंच कशाला? आणि तावातावाने अटही घालून बसलो. भर आषाढात गाडीने वरपर्यंत जाऊन यायचं, आणि वाटेत एकदा जरी मला कुणाकडे मदत मागावी लागली, तर जागा विकून टाकायची. पुन्हा विषय काढायचा नाही.

ती "बरं" म्हणाली. तिच्या या "बरं"ने मी लग्नापासून हरत आलो आहे.

गाडी जुनी असली तरी चारही चाकांना जोर देणारी होती. तिच्यात मी फावडं, कुऱ्हाड, दोन जॅक, ताडपत्री, गॅसची शेगडी, औषधांची भलीमोठी पेटी, दहा दिवसांच्या जेवणाची पाकिटं आणि पाण्याचे सहा मोठे कॅन भरले. जुलैत लोणावळ्याला पाणी घेऊन जाणारा पहिलाच माणूस बघतेय, असं बायको म्हणाली. पाणी आणि पिण्याचं पाणी यांतला फरक मी तिला समजावून सांगितला. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही घर सोडून चाललो.

सगळ्यांत जास्त जीव होता तो विंचवर. गाडीच्या नाकावर बसवलेलं हे यंत्र आपला दोर झाडाला बांधून गाडीला स्वतःच्या जिवावर ओढून काढतं. म्हणजे माणूस नकोच. मला हवं होतं ते हेच.

जागेच्या थोडं अलीकडे गाडी चिखलात रुतली. खरं सांगतो, मला आनंद झाला. बायकोला म्हटलं, आता बघ. एका बाजूला भाताची खाचरं होती, त्यांत सात-आठ बायका वाकून रोपांची आवणी करत होत्या. दुसऱ्या बाजूला जुनं, गच्च रान होतं. त्यातलं एक धिप्पाड झाड निवडून मी विंचचा दोर अडकवायचा पट्टा गुंडाळायला लागलो, तोच खाचरातली एक वयस्कर मावशी बांधावर आली.

"भाऊ, त्याला दोर लावू नका. देवाचं रान हाय. हितली वाळली काटकीबी आमी चुलीला नेत न्हाई."

माझा पट्टा रुंद आहे, सालीला ओरखडाही येत नाही, हे मी तिला सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती तशीच उभी राहिली. शेवटी मीच पट्टा सोडला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, कारण दुसऱ्या बाजूला बांधायला नुसती भाताची रोपं होती.

झाड नसेल तर जादा चाक जमिनीत पुरायचं आणि त्याला दोर बांधायचा, असं मी व्हिडिओत पाहिलं होतं. फावडं घेऊन अर्धा तास खड्डा खणला. जेवढा खणला तेवढा तो पाण्याने भरला. तरी त्यात चाक दाबून, वर दगडमाती लोटून मी विंच चालू केला. गाडी होती तिथेच राहिली आणि पुरलेलं चाक वर येऊन डुलत डुलत माझ्याकडे आलं. खाचरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांत माझी बायकोही होती. कधी उतरली, कधी सलवार खोचली आणि कधी रोपं लावायला लागली, मला कळलंसुद्धा नव्हतं.

मावशीने बांधावरून विचारलं, हात लावायचा का? मी नको म्हणालो. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. खाचर लावून संपलं. बायका पाय धुऊन, डोक्यावर इरली घेऊन घराकडे निघाल्या. मी जागेकडे पाहिलं. चार पावलांवर होती आणि आता ती आपली नाही, हे मला कळून चुकलं. फार वाईट वाटलं. मग मी हाक मारली.

"मावशी, जरा मदत करता का?"

मावशी परत आली. तिने गाडीला एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "ह्ये समदं कशापायी?"

अडचणीत गाडी अडकली तर लागतं, असं मी म्हणालो.

"ह्येच्यामुळंच अडाकलीया. उतरवा आदी."

माझी दहा दिवसांची तयारी हातोहात बांधावर गेली. पाण्याचे कॅन रिकामे करून घेतले, त्याबद्दल तर कुणी मला विचारलंही नाही. गाडी चांगली वीतभर वर उठली. मग चाकांखाली पेंढा आला, मला ढकलायला मागे पाठवलं आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. दोन रेट्यांत गाडी बाहेर, आणि चाकांखालचा सगळा चिखल माझ्या अंगावर.

बायका सामान पुन्हा चढवायला लागल्या तेव्हा मी बायकोला म्हणालो, हरलो, उद्याच जागेला गिऱ्हाईक बघतो.

"अट तुमची होती," ती म्हणाली. "मला धास्ती वेगळीच होती. पाय मोडून पडाल आणि तरी कुणाला हाक मारणार नाही, याची. आज मारलीत. आता राहू इथे."

मला रडू आलं. तोंडावर एवढा चिखल होता, कुणाला काही समजलं नाही. बायको तोवर खिडकीतून डोकं काढून मावशीला विचारत होती, उद्या वरचं खाचर लावायला किती वाजता यायचं.

"सकाळच्याला या," मावशी म्हणाली. "भाऊंनाबी आणा. खड्डा बरा खणत्यात."