तंबोऱ्यामागची शिट्टी

बिबवेवाडीतल्या एका लहानशा कारखान्यात आमोद इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांची सर्किटं तयार करायचा. नव्या मॉडेलच्या वेळी त्याचं आणि त्याचे ज्येष्ठ सहकारी गोपाळकृष्ण यांचं वाजलं. बॅटरीचा दाब उतरवून स्थिर ठेवायला गोपाळकृष्णांना साधा लिनिअर रेग्युलेटर हवा होता.

"जास्तीची वीज तो तापून घालवतो, पण गप्प बसतो," ते म्हणाले.

आमोदनं स्विचिंग रेग्युलेटर घेतला. तो वीज तुकड्यातुकड्यानं सोडतो, तापत नाही, बॅटरी कितीतरी जास्त चालते. मात्र तंबोरा अगदी हळू लावला की त्यातून बारीक शिट्टी येते, हे आमोदनं चाचणीत ऐकलं होतं. "इतक्या हळू कोण लावतंय?" म्हणून त्यानं विषय मिटवला.

कोथरूडच्या मंदाकिनीबाई लावायच्या. त्या गाणं शिकवत. "स्वरामागं काहीतरी बारीक वाजतंय," असा त्यांचा फोन आला तेव्हा आमोद जेवत होता.

"बाई, वयानं कानात होतं असं," तो घास गिळत म्हणाला.

पुढं काही महिन्यांनी बाईंनी त्याला घरी बोलावलं. "हा घेऊन जा. माझे कानच गेले. स्वराची खात्री नसताना पोरींना काय शिकवायचं? क्लास बंद केला."

आमोदनं सवयीनं तंबोरा लावला, आवाज कमी केला. दुपारच्या शांत खोलीत षड्जामागची शिट्टी लख्ख ऐकू आली. त्याची कानशिलं तापली. तंबोरा उचलावा आणि मुकाट्यानं निघावं, असं क्षणभर मनात आलं. मान वर करवत नव्हती.

"बाई, तुमचे कान शाबूत आहेत," तो कसाबसा म्हणाला. "दोष यातच आहे. मला तो ठाऊक होता."



"म्हणजे कानाचे डॉक्टर खरं सांगत होते," बाई म्हणाल्या. "त्यांनी यंत्रं लावून तपासलं होतं. तुम्ही मात्र जेवता जेवता निदान केलंत."

आमोदनं गोपाळकृष्णांना सगळं सांगितलं. विकलेले तंबोरे परत मागवून त्यांत लिनिअर रेग्युलेटर बसवायला घेतले. बाईंचा तंबोरा त्यानं स्वतः नेऊन दिला. आता तो पाठीमागून कोमट होतो, बॅटरीही लवकर उतरते. शिष्या तोवर दुसरीकडं जाऊ लागल्या होत्या. दोघीच परतल्या.

पुढं एकदा आमोद तंबोऱ्याची चौकशी करायला गेला, तेव्हा त्या दोघी आतल्या खोलीत गात होत्या. "या की आत," बाई म्हणाल्या. तो चपला न काढता दारातच उभा राहिला.