गुलाबी खडे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे—गोष्ट सांगितली आहे, दर दिवाळीत, घरच्यांना पोट धरून हसवत. तिच्यातलं जे गाळतो, ते आज सांगतो.

नव्वद सालच्या सुमारास मी सुरतेत पदार्थविज्ञानात संशोधन करत होतो. करत होतो म्हणजे—यंत्रापाशी बसून चहा पीत होतो. पाण्याच्या वाफेतून प्रकाश सोडला की ठरावीक लहरी ती शोषून घेते. कागदावर तिथे रेषा उमटतात. कुठली रेषा किती तीव्र येणार, हे माझ्याबरोबर संशोधन करणारी विमल गणिताने काढायची. मी प्रत्यक्ष मोजून ताडून बघायचो. विमल सुरतेतल्याच डिंडोलीची, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, घरात अहिराणी. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मला दादा म्हणायची.

आता सुरतेची पावसाळी हवा म्हणजे अर्धं पाणीच. नळीतल्या वाफेबरोबर यंत्रातली ओली हवाही प्रकाश खाते आणि रेषा उगाच तीव्र येतात. म्हणून यंत्राच्या पेटीत ओल शोषणारे निळे खडे ठेवायचे. ओल भरून गुलाबी पडले की भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे. हे काम माझं. अहो, एवढंच काम माझं!

त्या पावसाळ्यात माझी प्रत्येक रेषा तिच्या आकड्यापेक्षा तीव्र आली. आमचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "बेन, फरीथी गणो." तिने पुन्हा गणलं. तेच उत्तर. दिवाळीच्या सुट्टीआधी जुळलं नाही तर तिची जागा जाणार होती.

ती माझ्याकडे आली. "दादा, मनं गणित बराबर शे. खडे बघितलेत ना?"

बघितले होते. महिनाभर बघत होतो—गुलाबी, गुलकंदासारखे. भाजायचा कंटाळा, दुसरं काय?

"निळेशार आहेत," मी म्हणालो.

तिने पेटी उघडून बघितली नाही. का बघेल? दादा म्हणाला ना!

इथेच थांबलो असतो तर आळशी म्हणून सुटलो असतो. पण सगळ्यांसमोर, सरांसमोर, मी वर म्हणालो, "विमलबेन, लूमवर ताणा-बाणा जुळतो, इथे आकडे जुळवावे लागतात." काय हसले सगळे! सरांच्या हातातला चहा सांडला. मला फार बरं वाटलं—हेही लिहून ठेवतो. तीसुद्धा हसली, थोडी. मग कागद गोळा करून जागेवर गेली आणि तिसऱ्यांदा गणायला बसली.

सुट्टीनंतर ती आली नाही. पुढे कळलं, सुरतेतच पर्वत पाटिया भागात एका दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

हिवाळ्यात मी खडे भाजले. सगळं पुन्हा मोजलं. तिच्या पहिल्या कागदावरचे आकडे रेषेला रेष जुळले. सर म्हणाले, "चूक क्यां हती?" मी म्हणालो, "तिच्या गणितात. मी सुधारली." ते आकडे माझ्या प्रबंधात आहेत. वर ठळक अक्षरांत माझं नाव.

पर्वत पाटियावरून कितीदा तरी गेलो. दुकान विचारलं नाही.

आणि दिवाळीतली ती गोष्ट? तिच्यात एक अडाणी मुलगी तीन-तीनदा चुकते आणि शेवटी दादा सगळं निस्तरतो. ताण्या-बाण्याचं वाक्य आलं की पोरं माझ्याआधीच म्हणून टाकतात, पाठ झालंय त्यांना. गेल्या वर्षी धाकटीने विचारलं, "बाबा, त्या बावळट मुलीचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. विमल.

सगळे हसले. मीही हसलो.