उत्तनची मावशी आणि माझ्या गळ्यातली गाठ

माझ्या गळ्यात गाठ आहे हे मला सर्वांत आधी सांगितलं ते उत्तनच्या मासेवाल्या मावशीने, आणि तेही मांदेलीच्या वाट्यावरून आमची घासाघीस चालू असताना.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. हे एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, सकाळी सातला घर सोडायचे. मी घरी ब्लाउज शिवायचे. हॉलमध्ये खिडकीपाशी मशीन, शेजारी गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा, आणि दाराबाहेरच्या पायरीवर आठवड्यातून तीनदा मावशीची पाटी. मावशी साठीची असेल. काटक, चपळ, घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्याशी सोन्याच्या मण्यांची, क्रूस अडकवलेली माळ. समुद्राकाठच्या उत्तनहून बसने यायची, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला उतरायची आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगला मासळी पुरवायची.

त्या दिवशी उकाडा होता. बोलता बोलता मी दारातच मान वर करून घटाघटा पाणी प्यायले. मावशीचा वाटा लावणारा हात थांबला.

"थांब गो बाय. परत पी."

"काय?"

"पानी. परत पी."

मी आणखी एक घोट घेतला. मावशी उठली, लुगड्याला हात पुसले आणि माझ्या गळ्याजवळ बोट आणून म्हणाली, "तुज्या गल्यात गोली हाय. गिलतेस तवा वर जाते, परत खाली येते."

मी हसले. मग आत जाऊन आरशापुढे उभी राहिले आणि हसू गेलं. उजव्या बाजूला, बोराएवढं काहीतरी, घोटाबरोबर वर गेलं आणि जागेवर आलं. रोज दहा बायकांचे गळे मोजणारी मी. स्वतःचा कधी बघितलाच नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा बघून मावशीने आपली माळ बोटाने वर सरकवली. खाली एक पातळ, पांढरी रेघ होती. गळ्याला पडलेली वळीच वाटावी अशी.

"माजी लिंबाएवडी होती. काडली. दहा वर्सं झाली. मेले काय मी?"

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. आधी म्हणाले, "मला तर काही दिसत नाही. मावशीला काय कळतंय?" मी पाणी प्यायले. "छे." परत प्यायले. तिसऱ्या पेल्याला त्यांना दिसलं, आणि मग चौथा पेला ते स्वतःच भरून घेऊन आले. आमचे हे असे मदतीला धावले की मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, मागे उभ्या राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला आणि म्हणाल्या, "गिळा." पाण्याचा पेला इथेही होताच. आवाज बदललाय का, गिळताना अडकतं का, घरात कोणाला होतं का, लहानपणी मानेला किरणांचा शेक दिलाय का, असे प्रश्न झाले. सगळ्याला मी नाही म्हटलं.

"ही थायरॉईडची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "बायकांमध्ये खूप दिसते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात."

"बहुतेक?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेक म्हणजे सगळ्या नाहीत. म्हणून तर तपासायचं. आधी रक्त, मग सोनोग्राफी."

रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. हे आनंदाने जिलेबी घेऊन आले. मी दोन खाल्ल्यासुद्धा. मग जिलेबीचं ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "रक्त ठीक म्हणजे ग्रंथीचं काम ठीक चाललंय. गाठ कसली आहे ते रक्त सांगत नाही." उरलेली जिलेबी शेजारी गेली. सोनोग्राफीत गाठ दोन सेंटिमीटरच्या थोडी वर निघाली, थोडी भरीव, थोडी पाणीदार. आता सुईची तपासणी. गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी काढायच्या आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या.

एव्हाना बातमी बिल्डिंगभर झाली होती. शेजारच्या गुजराती बेन रोज सकाळी धण्याचं पाणी घेऊन यायच्या. "भाभी, पी लो, सब पिघल जाएगा." एक गिऱ्हाईक म्हणाली, मान खाली घालून शिवतेस म्हणून झालं. दुसरी म्हणाली, मीठ बदल. ह्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटची सहा पानं छापून आणली आणि त्यातली नेमकी भीतिदायक वाक्यं लाल पेनाने अधोरेखित केली. मी ती पानं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची मापं लिहिली.

सुईच्या दिवशी कारखान्यात मालाची मोजणी होती, ह्यांना सुट्टी मिळेना. "मी जाईन एकटी, त्यात काय," असं मी म्हटलं खरं. पण सकाळी दहाला दाराला कुलूप लावताना किल्ली भोकात जाईना. तेवढ्यात जिन्यात मावशी पाटी घेऊन उभी.

"कुटं चाललीस?"

मी सांगितलं.

"एकटी? न्हाय. चल, मी येते."

"अगं, आणि पाटी?"

"पाटी पन येल."

रिक्षात आम्ही दोघी आणि मधे पाटी. तपासणी सेंटरच्या वेटिंग रूममध्ये पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या, फिनेलचा वास, आणि आम्ही शिरल्यावर बोंबलाचा वास. एक सफारीवाले गृहस्थ नाकाला रुमाल लावून दोन खुर्च्या पलीकडे सरकले. मावशीने पाटी कोपऱ्यात ठेवली, ओलं फडकं नीट झाकलं आणि माझ्याबरोबर थेट आत आली. डॉक्टर तरुण होते. "नातेवाईक?" त्यांनी विचारलं. "मावशी," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं.

मला झोपवलं, मानेखाली उशी दिली. डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे. सुई आत असताना गिळायचं नाही, बोलायचं नाही." गिळायचं नाही म्हटल्याबरोबर मला जन्मभराचं गिळायचं राहून गेलंय असं वाटायला लागलं. मावशी टेबलाच्या पायथ्याशी उभी होती. तिथून तिच्या हाताला माझं पाऊलच येत होतं, तेच तिने घट्ट धरलं. सुई टोचली, आत किंचित हलली, निघाली. पुन्हा एकदा. इंजेक्शनपेक्षा फार वेगळं नव्हतं. भीती मात्र दसपट. मावशी मधूनच म्हणत होती, "झालं गो, झालं." झालं नव्हतं तेव्हाही म्हणत होती.

गळ्याला कापूस दाबून दहा मिनिटं बसा म्हणाले. मी बाहेर येऊन बसले. तेवढ्या वेळात रिसेप्शनवरच्या मुलीने पाटी उघडायला लावली, मग आयाबाई आल्या, मग आतली नर्स. आम्ही निघालो तेव्हा पाटी रिकामी होती. शेवटचे बोंबील त्या सफारीवाल्यांनी घेतले, रुमाल खिशात ठेवून.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. नमुना अपुरा. निदान करण्याइतक्या पेशी मिळाल्या नाहीत.

मला वाटलं, काहीतरी वाईट आहे आणि हे लोक गोड भाषेत सांगतायत. डॉक्टर म्हणाल्या, "अपुरा म्हणजे चांगलंही नाही, वाईटही नाही. पाणीदार गाठीत असं होतं. थोडे दिवस जाऊ देत, मग या वेळी सोनोग्राफीत बघत बघत भरीव भागातून घेऊ."

ते थोडे दिवस आम्हा दोघांना जड गेले. कारखान्यातल्या कोणाच्या सांगण्यावरून हे मला एका सर्जनकडे घेऊन गेले. सर्जन कामात होते. गळ्याला हात लावला, रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "अर्धी ग्रंथी काढून टाकू, कटकट मिटेल." ह्यांना ते एकदम पटलं. घरी येताना तारीख कोणती घ्यायची याचाच विचार. मला वाटलं, मावशी तरी दुसरं काय म्हणणार, तिने स्वतः काढलीय. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं.

मावशी कोळंबी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माजी नरड्याला दाबत होती. झोपले की श्वास कोंडायचा. म्हनून काडली. तुजी दाबते काय?"

"नाही."

"मंग कसली घाई? आदी कललं पायजे ना, काय हाय ते?"

डॉक्टरीण बाई अगदी हेच म्हणाल्या, जरा मोठ्या वाक्यांत. आधी कळू दे, मग ठरवू.

दुसऱ्या सुईला हे आले. मी आत शांत पडून राहिले, बाहेर ह्यांना चक्कर आली. आयाबाईंनी त्यांना लिंबूपाणी पाजलं आणि मला विचारलं, "तुमच्या मावशी नाही आल्या? हलवा मासा आणणार होत्या."

या वेळी रिपोर्ट स्पष्ट होता. साधी गाठ, कॅन्सर नाही. ग्रंथीतलाच चिकट द्रव साठून झालेली. डॉक्टरीण बाईंनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "जा, जिलेबी आणा आता."

"मग आता करायचं काय?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग वर्षातून एकदा. गाठ भराभर वाढली, आवाज बसला, गिळताना अडकलं, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच यायचं."

काहीच करायचं नाही हे ह्यांना पचेना. "निदान गोळी तरी?"

"गाठ दबावी म्हणून गोळ्या देतात काही जण. यांना मला गरज वाटत नाही. विनाकारण जास्त गोळी पोटात गेली की हृदय धडधडतं, हात थरथरतात, वजन उतरतं, हाडांनाही त्रास."

मी आनंदात होते, तरी हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मावशीचा हात आला. हल्ली वाटा लावताना तो थरथरायचा. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. दुसऱ्या मजल्यावर आली की छातीवर हात ठेवून आधी पाच मिनिटं बसायची आणि म्हणायची, "म्हातारी झाले गो."

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी चहा दिला आणि विचारलं, "मावशी, ऑपरेशनपासून तू थायरॉईडची गोळी घेतेस ना? किती पॉवरची?"

तिने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. सकाळी उपाशीपोटी एक, एक दिवस चुकवली नव्हती. "आपरेशन झालं तवा डाक्टरने लिवून दिलं, तीच."

"आणि रक्त कधी तपासलंस?"

"कशाला? गोली घेते ना मी?"

दहा वर्षांत एकदाही नाही. मी म्हटलं, चल, आत्ताच जाऊ. आणि मग जी मावशी माझ्या सुईच्या वेळी खांबासारखी उभी होती, तिने पाटी उचलली आणि निघाली. "न्हाय, न्हाय. मला सुई नको." ऑपरेशन झालं तेव्हा तिला झोपवलं होतं, तिला कळलंच नव्हतं. जाग्या माणसाला सुई टोचतात हे तिला मंजूरच नव्हतं. मला दोन आठवडे तिच्या मागे लागावं लागलं. शेवटी मी सांगितलं, तपासणी होईपर्यंत मी तुझ्याकडून मासळी घेणार नाही. त्यावर ती तयार झाली. लॅबमध्ये तिने डोळे मिटले, माझा हात धरला आणि येशूपासून सुरू करून गावातल्या सगळ्या संतांची नावं घेतली. रक्त काढून झालं तरी तिची नावं संपली नव्हती.

माझा अंदाज रिपोर्टने पक्का केला. गोळी तिच्या आताच्या वयाला आणि वजनाला जास्त होत होती. आमच्या डॉक्टरीण बाईंनी ती कमी करून दिली, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. मावशी वैतागली, पण आली. मग हळूहळू तिची धडधड थांबली. झोप लागायला लागली. अंगावर थोडं मांस चढलं. एकदा मी म्हटलं, "मावशी, हात बघ कसा स्थिर झालाय."

"व्हय," ती म्हणाली. "आदी हात थरथरायचा तवा तुज्या वाट्यात दोन मांदेली जास्त पडायची. आता तुजंच नुकसान."

माझी गाठ पहिल्या वर्षी तेवढीच राहिली. दुसऱ्या वर्षीही तेवढीच. नंतरच्या सोनोग्राफीत आतलं पाणी थोडं आटलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, आता दोन वर्षांनी या. बाहेर पडताना मी ह्यांना म्हटलं, उत्तनला जाऊ या, मावशीला सांगायला. इतकी वर्षं ती आमच्याकडे आली, आम्ही कधी तिच्याकडे गेलो नव्हतो.

बसमधून उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते आणि किनाऱ्याला होड्या लागल्या होत्या. घर विचारावं लागलं नाही. मावशीचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. आम्हाला बघून ती हातातलं जाळं टाकून धावत आली. मी निकाल सांगितला. तिने तो शेजारणीला ओरडून सांगितला, शेजारणीने पलीकडच्या घराला. मग आम्हाला ओट्यावर बसवलं, तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. ह्यांनी एरवी बोंबील कधी चाखले नव्हते, काटे आहेत म्हणायचे. त्या दिवशी ते मुकाट्याने जेवले, आणि मावशीने आणखी वाढू का विचारलं तेव्हा ताट पुढे केलं.