घुमतंय, म्हणजे नक्की काय

शनिवार, ८ नोव्हेंबर. रजया काढायच्या होत्या. दिवाळी झाली की दिल्लीकडे हे काम टाळता येत नाही, आणि आमच्या घरात ते माझ्याशिवाय कुणी करत नाही. पलंगाच्या पेटीतून सहा रजया उपसल्या. गच्चीवर घालणार होते, पण हवा इतकी वाईट होती की समोरची इमारत पुसट दिसत होती. अशा हवेत रजई बाहेर घातली की ती संध्याकाळी धूर पिऊन परत येते. म्हणून बाबांच्या खोलीत नेल्या. तिथे बाल्कनीच्या काचेतून ऊन येतं, पण अकरानंतर. तोवर सहाही रजया कोपऱ्यात, मोठ्या स्पीकरच्या मागच्या फटीत कोंबल्या आणि यादी करायला बसले.

यादी बाबांच्या रेकॉर्डींची. रविवारी अकरा वाजता जुन्या रेकॉर्डी घेणारा माणूस येणार होता आणि त्याने आधी यादी मागितली होती. बाबांनीच त्याला बोलवायला लावलं होतं. "माझे कान गेले," ते म्हणाले होते, "आता या ठेवून काय करू? ज्याला ऐकू येतं त्याला मिळू देत."

बाबा ब्याऐंशीचे. साताऱ्याहून दिल्लीला सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या नोकरीवर आले आणि मग करोल बागेतच राहिले. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना गाझियाबादला माझ्याकडे आणलं. सोबत कपड्यांची एक बॅग आणि रेकॉर्डींच्या दोन ट्रंका. भावगीतं, नाट्यपदं, थोडं शास्त्रीय. दिल्लीत मराठी रेकॉर्ड मिळायची नाही, म्हणून पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाबा आधी पत्राने नाव कळवायचे आणि पाहुणा ती मांडीवर धरून दोन दिवसांचा प्रवास करायचा. वाकडी झालेली रेकॉर्ड आणणाऱ्या एका मावसकाकांना आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा विचारला गेला नव्हता.

बाबांचा जुना अँप्लिफायर विजेच्या झटक्याने जळला होता. नवीन घ्यायचं ठरलं, तेव्हा ते काम मी माझ्याकडे घेतलं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी एकवीस वर्षं खरेदी विभागात आहे. वस्तू कशी निवडायची हे मला कुणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती.

मी रीतसर माहिती काढली. रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज फार बारीक असतो. तो आधी वाढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी अँप्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' लिहिलेली वेगळी जोडणी असते. ती नसली तर गाणं शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटतं. एवढं मला कळलं. बाकी मी वॉट पाहिले. पंप घेताना घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, बघतात तसं. म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येतं, म्हणजे ताकद जास्त हवी, हा माझा सरळ हिशोब.

बाबांचा एकच आग्रह होता की दुकान करोल बागेतलं हवं. गाड्यांचे हॉर्न, सीटकव्हर आणि आरसे विकणाऱ्या गल्लीत, एका जिन्यावर, ते दुकान होतं. मालक पन्नाशीचा, गोरागोमटा पंजाबी. वर मोठा गालिचा घातलेला हॉल, भिंतींना जाड पडदे. त्याने माझ्या कमरेएवढे उंच दोन स्पीकर लावले, बाबांनी पिशवीतून आणलेली रेकॉर्ड ठेवली आणि आवाज वाढवला. तबल्याचा डग्गा माझ्या पोटात वाजला.

"बेस देखिए अंकल जी, बेस!"

बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अच्छा है. लेकिन थोडा घुमता है."

"घूमेगा ही अंकल जी, रिकॉर्ड है!" मालक हसला, मीही हसले, आणि माल ठरला.

घरी बाबांच्या दहा बाय अकराच्या खोलीत ते दोन खांब उभे राहिले तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, आजोबांना आता आत जायला तिकीट लागेल." ती कॉलेजात आहे आणि अशी बोलते.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी रेकॉर्ड लावली, पाच मिनिटं ऐकलं आणि हाक मारली. "अगं, नुसतं घुमतंय."

मी बघितलं. तबकडी फिरत होती. "छान घुमतंय बाबा."

"छान काय? घुमतंय म्हणतोय मी."

मला वाटलं, जोरात फिरतंय म्हणत असतील. लेकीने फोनवर वेग मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं आणि फोन तबकडीवर ठेवला. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश, अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा तेच. आम्ही तबकडीखालचा पट्टा बदलला. तिसऱ्या दिवशी मी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घालून पाण्याच्या वाटीने पातळी तपासली. बाबा खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते, जसं आपण दुसऱ्याच घराची घंटा वाजवणाऱ्या माणसाकडे बघतो.

"शब्द कळत नाहीत," शेवटी ते म्हणाले. "पूर्वी एकेक अक्षर कळायचं. जाऊ दे. तुमचं यंत्र चांगलंच असणार. माझेच कान गेले." त्यानंतर आठवडाभर त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. सकाळचं फिरणं धुरामुळे बंद, रेकॉर्डी बंद. टीव्हीसमोर बसून खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या ओळी वाचायचे. आणि मग तो रेकॉर्डीवाल्याचा फोन.

तर शनिवारी मी यादी करत होते. बाबा आले, ट्रंकेतून एक रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली. "जायच्या आधी एकदा ऐकतो," म्हणाले.

मी लिहीत राहिले. गाणं सुरू झालं. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. बाबांनी मान वर केली.

"आज घुमत नाहीये."

मी तबकडीकडे बघितलं. "अहो बाबा, फिरतेय की! ही काय."

"फिरतेच आहे. ती फिरेल नाही तर काय करेल? घुमत नाहीये म्हणतोय मी."

"म्हणजे काय?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिसरीत नापास झाले होते. "म्हणजे काय? पारवा घुमतो, तो काय गोल गोल फिरतो? रिकाम्या माठात तोंड घालून बोललं की कसं होतं? त्याला घुमणं म्हणतात. मराठीत."

मी पेन खाली ठेवलं. माझा जन्म करोल बागेतला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. घूमना म्हणजे फिरणं, ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मराठी घुमणं कधी बाहेर ढकललं गेलं ते कळलंच नाही. आणि बाबा साठ वर्षं दिल्लीत राहून दुकानात 'घुमता है' म्हणाले, तेव्हा त्यांना वाटलं हिंदीत बोललो. आवाज घुमतोय म्हणाले असते तरी मी जागी झाले असते. पण ते म्हणायचे नुसतं घुमतंय, आणि मी तीन दिवस तबकडीची तपासणी करत होते.

कारखान्यात एखाद्या विभागाने मागणीपत्रात चुकीचा शब्द लिहिला आणि चुकीचा माल आला, तर मी त्यांना चांगली झापते. इथे मागणीपत्र बरोबर होतं. वाचणारी मी होते.

"मग आज का नाही घुमत?" मी विचारलं.

दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे बघितलं. रजया.

मी एक बाहेर ओढली, मग दुसरी. चौथीला बाबा म्हणाले, "आलं. परत आलं." परत कोंबल्या. गेलं. लेक दारात उभी राहून म्हणाली, "म्हणजे आजोबांचे कान ठीक आहेत, स्पीकरला थंडी वाजत होती."

यादी मी अर्धी तशीच ठेवली. जेवून मी आणि बाबा वैशाली स्टेशनवरून मेट्रोने करोल बागेला गेलो. गर्दीत बाबांना जागा मिळाली. त्यांच्या मांडीवर पिशवीत रेकॉर्ड, सरळ धरलेली, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यासारखी.

दुकानाचा जिना चढतानाच मी हिंदी शब्द जुळवून ठेवला होता. "भाईसाहब, आवाज़ गूँजती है. कमरा छोटा है."

मालकाने कपाळावर हात मारला. "गूँजती है! तो उस दिन बोलना था ना, मैडम! अंकल जी तो घुमा रहे थे मुझे."

"घुमा नहीं रहा था," बाबा म्हणाले, "बता रहा था. आप समझे नहीं."

मालक माणूस भला होता. पंधरा दिवसांच्या आत माल बदलून देईन असं त्याने स्वतःहून म्हटलं होतं आणि तो शब्द त्याने पाळला; घरचा मोठा माल न्यायला त्याच संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाला. खोलीची लांबी-रुंदी विचारली, स्पीकर भिंतीला चिकटून आहेत का विचारलं, आणि मग बुटाच्या खोक्यापेक्षा थोडे मोठे असे दोन स्पीकर काढले. "ये छोटे हैं, पर बोलते साफ़ हैं. दीवार से एक हाथ आगे रखना." अँप्लिफायरही निम्म्या ताकदीचा. त्यावर खालचा आवाज, म्हणजे बेस, कमी करायचं बटण होतं, फोनोची जोडणी होती, आणि 'मोनो' लिहिलेली एक कळ. जुन्या रेकॉर्डी एकाच माइकवर गायलेल्या असतात. ती कळ दाबली की बरीचशी खरखर बसते. बाबांनी ती चार वेळा दाबून पाहिली.

बाबांची रेकॉर्ड लावली. ते म्हणाले, "अक्षर न् अक्षर कळतंय."

मी म्हणाले, "हे गाणं तुम्हाला पाठ आहे. पाठ असलेलं कुणालाही कळतं. न ऐकलेलं काहीतरी लावा."

मालकाकडे कुणाकडून तरी आलेली पंजाबी विनोदाची एक जुनी रेकॉर्ड होती. नवराबायकोचं भांडण. मी बाबांना स्पीकरकडे तोंड करून बसवलं आणि सांगितलं, मालक थांबवेल तिथला शेवटचा शब्द मोठ्याने म्हणायचा. अर्थ कळायची गरज नाही. बाबा मन लावून पंजाबी शब्द म्हणू लागले आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकायला थांबली. दहापैकी आठ शब्द बरोबर आले. चुकले ते दोन्ही वेळा एकच, 'सस्स'. म्हणजे सासू. बाबांना एकदा 'अठ्ठ' ऐकू आलं, एकदा काहीच नाही.

"सास की आवाज़ नहीं आती," मालक म्हणाला, "तो अंकल जी, नुक़सान क्या है?"

बाबा मोठ्याने हसले. मीही हसले, पण 'स' दोन्ही वेळा गेला हे पिशवीतल्या कागदावर लिहून घेतलं. कान गेले नव्हते. पण पूर्ण शाबूतही नव्हते. खांबांची घुमघुम आणि कानांची थोडी उणीव, दोन्ही मिळून शब्द खात होते. एकाचा बंदोबस्त झाला, दुसऱ्याचा राहिला होता. बाबांना तिथे काही बोलले नाही. कान तपासायचं नाव काढलं की ते जेवण सोडून उठतात.

परत टॅक्सीने आलो. छोटे स्पीकर मधल्या जागेत, अँप्लिफायर माझ्या पायाशी. बाबांनी विचारलं, "तो उद्या अकराला येणार आहे ना?"

"कोण?"

"अगं, रेकॉर्डीवाला."

"येऊ दे का?"

ते अक्षरधाम गेल्यावर म्हणाले, "त्या मावसकाकांनी आणलेली वाकडी दे त्याला, हवी असेल तर."

रविवारी सकाळी साडेसातला मी त्या माणसाला फोन केला. वैतागला. "देनी नहीं थीं तो बुलाया क्यों?"

"तब सुनाई नहीं दे रहा था, अब दे रहा है," मी म्हणाले आणि दिलगिरी व्यक्त केली. वाकडी त्याला नको होती.

मग कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली आणि बाबांना चहाबरोबर सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हणाले, "पंजाबी सासू नाही ऐकू आली तर चालेल. पण तुमच्या रेकॉर्डींमध्ये 'स' किती आहेत ते मोजा." त्यांनी कप पुन्हा उचलला. मग विचारलं, "किती वाजता?"

चहा झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, नव्या छोट्या स्पीकरवर रेकॉर्ड लावली, आणि एकेक रजई कोपऱ्यातून काढायला लागले. थंडी वाढत होती आणि रजया मला हव्या होत्या. एक काढली, बाबांनी होकारार्थी मान हलवली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी काढल्यावरही मान तशीच हलली. सहावीला हात लावला.

"थांब," बाबा म्हणाले. "ती राहू दे."

ती माझी होती. कपाटातून ब्लँकेट काढलं, झटकलं, आणि माझ्या पलंगावर घातलं.