आपोल्लुस होडीत बसला

नूगार्सुक वस्तीतल्या बायका दारात उभ्या राहून लांबूनच सांगायच्या, कोण परत येतंय ते. कयाक, म्हणजे कातड्याने मढवलेली एकट्यापुरती अरुंद नाव, अजून ठिपक्याएवढी दिसत असली तरी वल्हं मारायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. कुणी पाणी बडवत यायचा, कुणी एका अंगावर कलून. झाकारियासचा आपोल्लुस यायचा तेव्हा मात्र पाणीच त्याला हळूच पुढे सरकवतंय असं वाटायचं. उलटलेली कयाक आत बसल्या बसल्याच सरळ करणं, लाटेच्या पाठीवरून भाला फेकणं, हे सगळं तो मिसरूड फुटायच्या आत शिकला होता. शिकवलं होतं बापाने. झाकारियास आपल्या काळातला नावाजलेला शिकारी. आता गुडघे आखडल्यामुळे त्याला कयाकच्या भोकात पाय सारता येत नव्हते, म्हणून तो घरासमोरच्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वल्ह्याला नावं ठेवायचा. मुलाच्या वल्ह्याबद्दल तो काही बोलत नसे, आणि त्याच्या तोंडी तेवढं कौतुक पुष्कळ होतं.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. सील कमी झाले होते आणि किनाऱ्याला कॉड मासा असा काही लोटला होता की गळ खाली सोडायचा अवकाश. वस्तीत मासे खारवायची नवी शेड झाली, आणि ज्यांनी आयुष्यभर सीलच मारले ते पुरुषही कयाकमध्ये बसून शिशाचा गळ खालीवर ओढू लागले. आपोल्लुसलाही ते जमलं. मासा वर आला की डोक्यात एक ठोका, आणि तसाच पाठीमागच्या पोकळीत. कयाकचं पोट भरलं की घरी. सुरळीत चाललं होतं.

मग त्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी तो बाहेरच्या खडकांपाशी गळ टाकून बसला होता. वारा पार पडलेला. समुद्र काचेसारखा, आणि ऊन समोरून डोळ्यांत. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मासा लागत नव्हता म्हणून तो नुसता बसून राहिला, दोरी बोटात धरून. आणि बसल्या बसल्या त्याला कयाकची नाळ, तिचं पुढचं टोक, लांब लांब जाताना दिसू लागली. वर उचलली गेल्यासारखी. पाय गार पडले. मांडीपर्यंत पाणी चढतंय असं वाटलं, कयाक भरतेय, आता कलंडणार. वल्हं एकदा आडवं मारलं की हे सगळं थांबेल, हे त्याला ठाऊक होतं. पण हात काही केल्या उचलेना. ओरडायला तोंड उघडेना. अंगातला घाम कोटाच्या आत गार होत गेला आणि तो दगडासारखा बसून राहिला.

किती वेळ गेला ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. ईजाक, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याच बाजूने परतत होता. त्याने लांबून हाक मारली, उत्तर आलं नाही. तेव्हा तो जवळ आला, आपली कयाक आपोल्लुसच्या कयाकला अगदी चिकटवली आणि हात त्याच्या पुढ्यात, कयाकच्या कातड्यावर टेकवला. त्या हाताचं वजन पडताच नाळ जागच्या जागी आली. पाणी पाण्यासारखं दिसू लागलं.

"चल दाजी," ईजाक म्हणाला, "माझ्या डाव्या बाजूने राहा." बस्स, एवढंच. त्यानंतर वस्तीत त्याने याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

असं होणारी माणसं किनाऱ्यावर होती. त्यांच्याबद्दल लोक हळू आवाजात बोलत. काही जण शांत पाण्यात गेले ते परत आलेच नाहीत. काहींनी कयाक मचाणावर उलटी घातली ती कायमची, आणि मग भावांच्या ताटात जेवत राहिले. आपोल्लुसला दुसऱ्या प्रकाराची भीती पहिल्यापेक्षा जास्त वाटली. म्हणून तो जातच राहिला. फक्त एकटा जाईना, आणि वारा असल्याशिवाय जाईना. पाण्यावर बारीक सुरकुत्या असल्या की त्याला काही होत नसे. उलट जोराच्या वाऱ्यात, जिथे बाकीचे माघारी फिरत, तिथे तो मजेत असे. लोक म्हणू लागले, आपोल्लुस भलताच धाडसी झालाय. ते ऐकून त्याला जेवण जाईनासं व्हायचं.

हिवाळा असाच गेला. वसंतात बर्फ फुटायला लागला आणि कयाकला नवं कातडं चढवायची वेळ आली. जुनं कातडं झिजून पातळ झालं होतं. साबिना, आपोल्लुसची बायको, शिवणकामात वस्तीत पहिली. तिने वर्षभर जमवलेली सीलची कातडी केस काढून, धुऊन तयार ठेवली होती. शेजारणी शिवायला येणार म्हणून कॉफीही वेगळी काढून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी तिने कातड्यांचा गठ्ठा आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये ठेवला.

"उद्या कापायला घेते," ती म्हणाली. "एकदा कापली की त्यांचं दुसरं काही व्हायचं नाही. काही सांगायचं असेल तर आज सांग."

"काय सांगायचंय?"

"ते मला काय ठाऊक. पण वस्तीतले सगळे पुरुष सकाळी उठून वारा पडलाय का ते बघतात. तू एकटाच वारा सुटलाय का ते बघतोस."

आपोल्लुसने हातातला कप खाली ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. बोलायला लागल्यावर थांबलाच नाही. साबिना मान खाली घालून बुटाला टाके घालत होती. मधेच तिने विचारलं, पाय खरोखर ओले वाटतात का.

"हाडापर्यंत. आणि बाहेर काढले की कोरडे ठणठणीत."

"तरीच," ती म्हणाली. "आल्या आल्या तू कयाकमध्ये हात घालून चाचपायचास. मला वाटलं माझा टाका सुटतोय. दोनदा उलटी करून सगळी शिवण तपासली मी. तुझ्या डोक्यातल्या पाण्यासाठी!"

ती हसली तसा तोही हसला. मागच्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच.

त्या वसंतात काथ्रीने नावाची एक विधवा मुलीकडे मानिट्सोकला राहायला निघाली होती. तिच्या नवऱ्याची लहानशी लाकडी होडी शेडमागे पालथी पडून होती. मुलीच्या घरी कातडी नव्हती, बुटांना नाही की विजारींना नाही, आणि ती सगळ्यांना सांगत होती की चांगल्या कातड्यांच्या बदल्यात होडी देईन. म्हणजे गठ्ठा एकच आणि कामं दोन. कयाकला कातडं चढवायचं, नाहीतर होडी आणायची.

आपोल्लुस रात्रभर कुशी बदलत राहिला. कयाक एका माणसाला डोक्यावर घेऊन चालता येते; होडी वर ओढायला माणसं गोळा करावी लागतात. कयाक पातळ बर्फाच्या फटींतून जाते, आवाज न करता सीलच्या जवळ पोचते. होडीची वल्ही करकरतात आणि सील बुडी मारून पसार होतो. पण होडीत मासे किती मावतील याला हिशेब नाही. उभं राहता येतं, पाय हलवता येतात. सकाळी त्याने हे सगळं साबिनाला एकेक करून ऐकवलं, तिला जणू यातलं काही माहीतच नाही अशा थाटात.

"सीलचं मांस कमी होईल हे मला कळतं," ती म्हणाली. "ईजाककडून घेऊ, त्याला मासे देऊ. पण तू एक गोष्ट सोडलीस. होडीत दोघांना जागा आहे."

"बायकोला घेऊन मासेमारी?"

"माझ्या आजीने बायकांची मोठी होडी वल्हवत अख्खा किनारा पालथा घातला. पुरुष पुढे कयाकमध्ये नाचत होते आणि मागून पोरं, तंबू, कुत्री, म्हाताऱ्या सगळं बायकांनीच ओढलं. मला वल्हं धरता येत नाही असं वाटतं का तुला? दारात उभं राहून बघण्यापेक्षा तुझ्यासमोर बसून बघेन."

काथ्रीनेने कातडी बोटांनी चाचपली, बुटांना इतकं चांगलं कातडं घालायचं म्हणजे पाप आहे असं म्हणाली, आणि गठ्ठा लगेच काखेत मारला.

झाकारियासला हे कळलं तेव्हा तो दगडावरून उठून आत आला, आणि त्याच्या गुडघ्यांना तो प्रवास सोपा नव्हता.

"माणूस समुद्रावर जातो तो समोर बघत," तो म्हणाला. "वल्हवणारा पाठमोरा बसतो. कुठे चाललाय ते त्याला दिसत नाही, फक्त कुठून पळून आलाय ते दिसतं."

 बाप आपल्याला पळपुटा म्हणेल याची आपोल्लुसने वर्षभर धास्ती घेतली होती. ते आता घडूनच गेलं होतं, त्यामुळे बोलायला सोपं गेलं.

"बा, मला शांत पाण्यात भोवळ येते. ईजाक नसता तर मागच्या उन्हाळ्यातच मी गेलो असतो. समोर साबिना बसेल. ती बघेल कुठे जायचं ते."

 म्हातारा दाराकडे वळत म्हणाला, "साबिनाचे डोळे चांगले आहेत," आणि परत बाहेर गेला. त्यानंतर होडीवर तो पुष्कळ बोलला, पण भोवळीवर पुन्हा एक शब्द काढला नाही.

सुरुवातीला हसं व्हायचं ते झालंच. फळ्या वाळून फाकल्या होत्या. पाण्यात ढकलल्याबरोबर होडी काठापर्यंत भरली. ती तशीच दगड घालून बुडवून ठेवावी लागली, फळ्या फुगेपर्यंत. आपोल्लुसने उन्हाळ्याचे सुरुवातीचे दिवस डांबर आणि काथ्या घेऊन पोटावर पडून काढले. वल्हवताना तो सवयीने पुढे बघायला मान वळवायचा आणि होडी गोल फिरायची. शेडवरचे पुरुष विचारायचे, "काय आपोल्लुस, बायकोला फिरवून आणलंस का?" साबिना खालून मासे वर फेकत म्हणायची, "हो, आणि वाटेत एवढे सापडले." ते एवढे म्हणजे कयाकमधून चार खेपांत आणता आले नसते. थट्टा आपोआप कमी झाली.

मग एकदा वारा पडला. समुद्र पुन्हा काचेसारखा झाला. आपोल्लुस किनाऱ्यावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. साबिना होडीत जाऊन बसली आणि कॉफीची किटली दोन पायांत धरून त्याची वाट पाहू लागली. तो निघाला. खडकांपाशी गळ टाकल्यावर त्याने डोळे नाळेवर रोखले, ती लांब होते का बघायला. साबिना मागे बसून मासे साफ करत होती. शेजारणीने सुनेला काय ऐकवलं, सुनेने उलट काय ऐकवलं, याची गोष्ट रंगात आली होती, आणि मधूनमधून ती "ऐकतोयस ना?" म्हणत होती. माशांची आतडी पाण्यात पडत होती, समुद्रपक्षी त्यावर भांडत होते, होडी प्रत्येक हालचालीनिशी डुगडुगत होती. काचेसारखं पाणी काही टिकेना. पाय गार पडले नाहीत. थोड्या वेळाने आपोल्लुस नाळेकडे बघायचंच विसरला. कितीतरी दिवसांनी त्याने शांत समुद्राचा वास घेतला, उन्हात तोंड वर करून. त्याने किटली मागितली तेव्हा साबिना म्हणाली की गोष्ट संपेपर्यंत मिळणार नाही.

उन्हाळा सरत आला तसा झाकारियास सकाळी किनाऱ्यापर्यंत यायला लागला. होडी चुकीच्या ठिकाणी ओढून ठेवलीय, वल्ही लहान आहेत, डांबर जास्त झालंय, असं त्याचं चालायचं. एके सकाळी तो कोट घालून आला. खिशात स्वतःचा गळ होता.

"मामंजी, कुठे निघालात?" साबिनाने विचारलं.

"तुम्ही चुकीच्या जागी मासे मारता," तो म्हणाला. "सांगून कळत नाही. दाखवावं लागेल."

दोघांनी त्याला दोन्ही काखांत धरून होडीत चढवलं. गुडघे न दुमडता, पाय लांब पसरून तो मधल्या फळीवर बसला. किनारा मागे पडला. वर्षानुवर्षं लांबून पाहिलेलं पाणी त्याने हात बुडवून बघितलं, बोटं चाटली. मग लगेच, आपोल्लुस डाव्या वल्ह्याला जास्त ओढतो म्हणून सांगायला सुरुवात केली.

त्याने दाखवलेल्या जागी खरोखरच हॅलिबट, तळाशी राहणारा मोठा चपटा मासा, लागला. झाकारियासच्याच गळाला. मासा दाराच्या फळीएवढा होता आणि म्हातारा कुणालाही दोरीला हात लावू देईना. आपोल्लुस वल्ही मारून होडी माशाच्या मागे मागे नेत राहिला, साबिना आकड्याची काठी घेऊन तयार, आणि झाकारियास दोघांवर खेकसत, धापा टाकत, दोरी ओढत होता. शेवटी मासा आत आला तेव्हा तो फळीवर मागे कलंडला आणि बराच वेळ आकाशाकडे बघत पडून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू साबिनाने पाहिलं. संध्याकाळी सगळी वस्ती तो मासा खायला घरात आली.

पुढची पाच-सहा वर्षं म्हातारा प्रत्येक बऱ्या हवेच्या दिवशी होडीत होता. तो गेला तो अंथरुणात, पोटभर जेवून. नंतर वस्तीत इतरही होड्या आल्या, मग होड्यांना मोटारी बसल्या. आपोल्लुस आणि साबिनानेही मोटारीची होडी घेतली, पण तिच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून साबिना कुरकुरायची. मग मासेमारीच्या जागी पोचल्यावर आपोल्लुस मोटार बंद करायचा, आणि तिचं घरून निघताना अर्धं राहिलेलं बोलणं पुन्हा सुरू व्हायचं.