कुणाच्याच बाजूचा नसलेला डोळा

गणपत परब चाळीच्या जिन्यात भेटला की रामराम नंतर. आधी दोन पावलं मागे सरून तोंडाकडे बघायचा आणि निकाल द्यायचा, "बाबल्या, कालच्यापेक्षा मंद दिसतंस." बायकांनाही असंच. शिव्या खायचा, पण सोडायचा नाही. ही खोड त्याला ताऱ्यांनी लावली. काही तारे उजळतात, मंदावतात. शेजारच्या ताऱ्याशी ताडून रोज बघितलं तरच कळतं. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर त्याने स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण होती.

आम्ही दोघे एकाच गिरणीत, मागावर. संप झाला, चिमण्यांचा धूर थांबला, आकाश स्वच्छ झालं. संपाने काय दिलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

गिरणी पुढे उघडलीच नाही. त्या दिवसांत दादरच्या हौशी मंडळींकडून परबला एका नव्याने सापडलेल्या ताऱ्याची खबर आली. तारा मंदावलेला, परत कधी उजळेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. परबला ते उजळणं बघायचं होतं. आणि नेमकी त्याची छाती बिघडली. कापसाची धूळ, दुसरं काय. परळच्या इस्पितळात भरती व्हायचं ठरलं.

मी म्हटलं, "मी बघतो की रोज. येऊन सांगतो."

"तू? मेल्या, माका बरा वाटूक व्हया म्हणान तू उजळलो सांगशीत. तुझो डोळो माझ्या बाजूचो. माका कोणाच्याच बाजूचो नसलेलो डोळो व्हयो."

मला राग आला. चौथी शिकलो असेन, खोटारडा नाही. बोलणंच टाकलं. शेवटी त्यानेच हाक मारली.

मग दोघांनी यंत्र केलं. नक्षीच्या कापडासाठी मागावर डॉबी असते. खुंट्यांची साखळी फिरते, खुंटी येईल तसे धागे उचलले जातात, विणकराने हात लावायचा नाही. तशी साखळी भंगारातून आणली, घड्याळाला जोडली. खुंटी लागली की दुर्बीण ताऱ्याकडे वळायची, तिला बसवलेला कॅमेरा उघडायचा, मिटायचा, पुढची खुंटी पुढच्या ताऱ्याकडे.

"परबभावजी, आभाळाचं लुगडं विणताय काय?" शेजारीण म्हणाली.

"काठ तुका, पदर माझ्या बायलेक!"

इस्पितळात भेटीच्या वेळेला मी फोटो घेऊन जायचो. तो भिंग लावून बघायचा. तारा मंदच. एकदा त्याचा चेहरा बघून माझ्या जिभेवर आलंच होतं, उजळल्यासारखा वाटतो. फोटो हातात होता म्हणून गिळलं.

"मंदच आहे रे, परब."

तो धाप लागेपर्यंत हसला. "बघ, किती जड गेला तुका."

परब वारला तेव्हाही तारा मंदच होता.

उजळला तो नंतर. फोटोत शेजारच्या ताऱ्याला मागे टाकून बसला होता. चाळीतल्या बायकांनी हात जोडले. "परबभावजीच ते." मी ओरडलो त्यांच्यावर. तारा तारा आहे. परब परब होता, आणि तो नाही.

फोटो कुणाला दाखवू, हे मला आजवर सुचलेलं नाही. खरं तर फोटो दाखवायचाही नाही. त्याच्या खाटेशी बसून नुसत्या तोंडाने एकदा सांगायचंय, "उजळला रे." आणि त्याने ते खरं मानायला पाहिजे.