फळ्याला तेल पाजलं त्याची गोष्ट

फळ्याची गोष्ट म्हणल्यावर तुमाला वाटलं असंल, ह्यानं मास्तरांचं चित्र काढलं आन् छड्या खाल्ल्या. न्हाई बरं. मी बैल काढला तर त्याची शेळी व्हायची. मला यायची ती नक्कल. आन् नकलाकाराची गोष्ट म्हणून हसायची तयारी करून बसला असाल, तर तेबी राहू द्या.

आमचं गाव डोंगरकड्याकडलं. आमचा आजा शिकला धूळपाटीवर. पाटावर बारीक धूळ पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, पाट हलवला की अक्षर गेलं. बापाला दगडाची पाटी भेटली. मी पहिलीत होतो तवा मास्तरांनी भिंतीचाच एक तुकडा कोळशानं काळा केला होता. पावसाळ्यात पोपडे पडायचे आन् सातचा पाढा मधीच गळायचा. खरा लाकडी फळा आला मी चौथीत असताना. बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून. आमी पोरांनी त्याला नवरीवाणी खाली उतरवला.

मास्तर गालात तंबाखू धरून "खामोश!" म्हणायचे. मी ते बराबर तसंच म्हणायचो. सगळी पोरं हसायची, पर मी बघायचो एकाकडंच, तरटावर माझ्या शेजारी बसायचा त्या जोडीदाराकडं. तो नाकातून हसायचा, शिंक आल्यावाणी. त्याचं अक्षर लई चांगलं. म्हणून शाळा सुटताना उद्याचं काम फळ्यावर त्यानंच लिहायचं, असा मास्तरांचा नेम.

मग रझाकारांचे ते खराब दिवस आले. आमच्या निजामाच्या मुलखातले लोक भिऊन, गाड्या जुंपून पैनगंगेपल्याड वऱ्हाडात जाऊन राहिले होते. एका दुपारी जोडीदारानं फळ्यावर लिहिलं, 'उद्या सर्वांनी तेराचा पाढा पाठ करून यावा.'

मी म्हणलं, "तुला तरी येतो का बे तेराचा?"

"उद्या बघ की लेका, तुज्याआधी म्हणतो."

उद्या तो आलाच न्हाई. त्याच्या घराला कुलूप. आठ दिवसांत मास्तरबी आपल्या गावाला गेले. शाळा बंद.

खिडकीचा एक गज मोडका होता. मी तिथून आत शिरायचो. फळ्यापुढं उभा राहून गालात जीभ धरायचो आन् "खामोश!" म्हणायचो. खोली आधीच खामोश होती. मग तरटावर आपल्या जागी बसून त्याचं अक्षर बघायचो. हसून बघितलं त्याच्यावाणी नाकातून. ती एक नक्कल मला कधीच जमली न्हाई.

दोनेक महिन्यांनी खबर आली, येत्या सोमवारी मास्तर येऊन राहिले. आल्या आल्या ते फडकं मारणार. जोडीदाराचं म्हणून गावात तेवढं अक्षरच राहिलं होतं.

आमच्या घरी नवी चौकट असो का पेरायची पाभर, तिला करडीचं तेल पाजायचे. आई म्हणायची, "तेल पाजलं की लाकडाला मरण न्हाई." मी वाटीभर तेल आन् चिंधी घेऊन गेलो. पुसू नये म्हणून चिंधी नुसती टेकवत गेलो. 'उद्या'वर टेकवली तर 'उद्या' गडप. म्हणलं, वल्लं हाय, वाळल्यावर दिसंल. 'सर्वांनी' गेलं, 'तेराचा' गेलं. शेवटाला एक 'यावा' राहिलं, तवा माझा हात थांबला. अंधार पडस्तोवर बसलो. तेल वाळलं न्हाई, अक्षर वर आलं न्हाई.

सोमवारी सहाच पोरं होती. मास्तरांनी फडक्याच्या एका फटकाऱ्यात 'यावा' पुसलं आन् खडू टेकवला. खडू घसरला. परत टेकवला, परत घसरला. त्यांनी फळ्यावर बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"कुणी केलं हे?"

मी उभा राहिलो.

"काहून?"

"टिकावं म्हणून."

"काय टिकावं?"

मी खाली बघत म्हणलं, "लाकूड."

"लाकूड! अरे बैला, फळा हाय का नांगर? गावात दिव्याला तेल मिळंना आन् तू फळ्याला पाजून राहिला! आता गणित काय तुझ्या पाठीवर मांडू? रडू नको. रडून तेल निघत न्हाई. जा, चुलीतली राख घेऊन ये, आन् लाकूड पांढरं पडस्तोवर घास!"